पाळीच्या पोटातलं वारूळ

माझ्या नावावर धरण एकच, आणि तेही पाहुण्यांना दाखवायला न्यावं असं नाही. वडशाहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोसंबटोल्याच्या फाट्याला उतरून दोन मैल चाललं, की उजव्या हाताला गवताने झाकलेला एक लांबच लांब उंचवटा दिसतो. त्यावर गाई चरत असतात. जावयाला मी मोठ्या हौसेने तिथे घेऊन गेलो, तर तो म्हणाला, "बाबा, धरण कुठे आहे?" मी म्हणालो, "तुम्ही त्याच्यावरच उभे आहात." त्याने खाली पाहिलं, आजूबाजूला पाहिलं आणि कुठल्याशा मोठ्या धरणाचा विषय काढला. त्याला दोष देत नाही. माती पाण्यात विरघळते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्याच मातीने पाणी अडवायचं आणि खालच्या माणसांना सांगायचं, की आता निर्धास्त राहा. हा उद्योग मी नोकरीभर केला, तरी तो कसा काय जमतो याचं नवल मला अजून वाटतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, आणि एका टेबलावर दोन-दोन कारकून बसत. मी पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता होतो. गाव माझं सिंदेवाहीजवळचं. आईवडील दोघंही दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, रोवण्याला जाणारे, घरात पदविका घेतलेला मी पहिलाच. उपअभियंता साहेबांनी नकाशाची गुंडाळी हातात दिली आणि म्हणाले, "लहान काम आहे, शिकायला चांगलं." लहान काम म्हणजे नऊ मीटर उंच आणि चारशे मीटर लांब मातीचा बांध. माझ्या वडिलांनी शेतांच्या कडेने आयुष्यभर घातलेले धुरे एकापुढे एक ठेवले असते तरी एवढी माती भरली नसती.

बांध होता भुरशी नाल्यावर. हा नाला वर्षातले आठ-नऊ महिने एखाद्या कोरड्या वाटेसारखा पडून असायचा. लोक त्यातून बैलबंड्या न्यायचे. पण वरच्या डोंगरावरच्या जंगलात दोन तास पाऊस पडला, की तो झाडाचे ओंडके घेऊन गावात यायचा. वरच्या मोहल्ल्याला फारसं काही होत नसे, कारण तो टेकाडावर होता. खालचा मोहल्ला म्हणजे आमच्या बौद्ध लोकांची पस्तीस-चाळीस घरं. ती नेमकी नाल्याच्या वळणात होती. गावाने त्यांना तीच जागा का दिली, हे सांगायला अभियंता लागत नाही. दर वर्षी एक-दोनदा त्यांच्या चुलीत पाणी शिरायचं. भिंती ओल्या होऊन बसायच्या. एका वर्षी तर एक म्हातारी खाटेसकट गेली होती.

तर हे पाणी वरच अडवायचं आणि बांधाखालच्या नळातून हळूहळू सोडायचं, अशी योजना होती. साठवायचं नाही. पूर येण्याआधी तलाव रिकामा असला पाहिजे, रिकामं राहणं हेच त्याचं काम. हे मी गावाला समजावून सांगायला गेलो, आणि तिथे मला डोमाजी भेटले.

डोमाजी वरच्या मोहल्ल्यातले, गावच्या जुन्या तलावाचे पाणकर. आमच्या झाडीपट्टीत गावोगाव पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून केलेले जुने तलाव आहेत. त्यांचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं तोंड, केव्हा उघडायचं आणि कोणाच्या बांधीत किती पाणी द्यायचं, हे ठरवणारा माणूस तो पाणकर. सत्तरीच्या आसपासचे, सडपातळ, कमरेला पंचा, आणि पायात कधी चप्पल नाही. त्यांनी माझं सगळं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानी सोडूनच द्याचं आहे, त अडवता काऊन?"

मी पुन्हा समजावलं.

"म्हनजे तलाव बांधाचा, अन् त्यात पानी ठेवाचं नाई?"

"हो."

डोमाजींनी शेजारच्याकडे पाहिलं. "सरकार आहे बापा," ते म्हणाले, "त्याले काई बी परवडते." बैठक हसली, मीही हसलो. पण दुसऱ्या दिवसापासून हा माणूस रोज सकाळी कामावर येऊन बसू लागला. मजुरीला नव्हे, नुसतं पाहायला.

मातीचा बांध कसा होतो ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मधोमध काळ्या चिकट मातीचा गाभा असतो, तो पाणी अडवतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मुरुमाचं जाड कवच, ते गाभ्याला धरून ठेवतं. माती एकदम ओतायची नसते. वीतभर थर पसरायचा, त्यावर पाणी मारायचं, मग रोलर फिरवायचा, आणि थर घट्ट बसला की दुसरा. ओलावा बरोबर आहे का हे पाहायला आमच्याकडे साहित्य होतं, पण खरी परीक्षा मुठीत. माती मुठीत दाबायची. गोळा झाला पाहिजे, आणि हाताला चिखल लागता कामा नये. सकाळी रोलर सुरू होण्याआधी मी थरावरून चालत जायचो, तर कधीकधी दाबलेल्या मातीवर वाघाची पावलं उमटलेली असत, या काठापासून त्या काठापर्यंत सरळ. रोलरवाले अब्बासभाई चंद्रपूरचे. ती पावलं दिसली की ते इंजिन बंद करून बिडी पेटवायचे आणि म्हणायचे, "साब, इन्स्पेक्शन हो गया." खात्यातले साहेब महिन्यातून एकदा येत, हे साहेब आठवड्यातून दोनदा.

माती वाहायला बाया होत्या, बहुतेक खालच्या मोहल्ल्यातल्या. त्यांची मुकादम कौसाबाई. चाळिशीची, उंच, आवाज खणखणीत. पूर येतो त्या वळणावर सगळ्यांत पुढचं घर तिचं. दोनदा भिंती पडल्या होत्या, दोनदा तिने उभ्या केल्या होत्या. मी तिला कौसाबाई म्हणायचो, ती मला साहेब. पण पहिल्या आठवड्यात माझं आडनाव कळल्यावर तिने एकदा डबा आणून ठेवला आणि म्हणाली, "सायेब, इथी कोनाच्या घरी जेवता? आमच्यातलेच आहा, त लाजू नोका." वरच्या मोहल्ल्यातही आडनाव कळलं होतं. तिथे कोणी काही वावगं बोललं नाही. फक्त चहा यायचा तो वेगळ्या कपातून, आणि तो कप माझा म्हणून ठरूनच गेला होता.

बांधाच्या कामात सगळ्यांत कंटाळवाणा आणि सगळ्यांत महत्त्वाचा भाग म्हणजे पाया साफ करणं. जिथे बांध बसणार तिथली झाडं मुळासकट काढायची, गवताचा थर खरडायचा, उंदरांची बिळं उकरायची, आणि वारूळ असलं तर ते तळापर्यंत खणून, पोकळी संपेपर्यंत खणून, पुन्हा चांगल्या मातीने ठोकून भरायचं. वारूळ वर दिसतं तेवढंच नसतं. त्याच्या वाटा जमिनीखालून लांबवर गेलेल्या असतात, आणि पाण्याला तयार वाट मिळाली की ते दुसरं काही शोधत नाही. हे आम्हाला पदविकेच्या दुसऱ्या वर्षी शिकवलं होतं. मला त्यावर प्रश्नही आला होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात बांधाच्या डाव्या टोकाचं काम निघालं. त्या आखणीत एक वारूळ होतं, माझ्या छातीइतकं उंच. त्याला हळद-कुंकू वाहिलेलं असे, नागपंचमीला वरचा मोहल्ला तिथे दूध ठेवी. मी खुणा करून, ते काढायला सांगून चार दिवस चंद्रपूरला बैठकीला गेलो. परत आलो तेव्हा तिन्ही बाजूंनी थर चढले होते आणि मधे वारुळाचा हातभर शेंडा वर दिसत होता. त्यावर ताजं कुंकू होतं, फोडलेला नारळ होता.

"अब्बासभाई, हे काय?"

"मैं नहीं चढ़ाऊंगा साब," ते म्हणाले. "घुमा के ले लिया."

डोमाजी तिथेच उकिडवे बसले होते. ते उठले, आणि या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. "सायेब, राहू द्या. माय आहे आमची. पाळीच्या पोटात राहीन, पाळ सांभाळन."

मला आजही ती दुपार दिसते. वरच्या मोहल्ल्याची वीस-पंचवीस माणसं उभी होती. पलीकडे बाया डोक्यावरची टोपली न उतरवता थांबल्या होत्या. सगळे माझ्याकडे बघत होते. वारुळात देव आहे असं मी मानत नव्हतो, आमच्या घरात हे केव्हाच सुटलं होतं. नेमकी तीच अडचण होती. दुसऱ्या एखाद्या आडनावाच्या साहेबाने त्यावर सबल, म्हणजे पहार, मारली असती तर लोक म्हणाले असते, साहेबाचा नियम आहे. मी मारली असती तर म्हणाले असते, याने मुद्दाम केलं. आणि त्याचा हिशेब माझ्याकडून नव्हे, खालच्या मोहल्ल्याकडून वसूल झाला असता. निदान मी स्वतःला असं पटवलं. खरं सांगायचं तर मी भ्यालो होतो, आणि भित्र्या माणसाला कारणं फार चांगली सुचतात.

मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. मोजणीची फीत घेऊन उजव्या टोकाकडे निघून गेलो. संध्याकाळपर्यंत वारुळावर माती पडली होती. त्या आठवड्याच्या अहवालात मी माझ्या अक्षरात लिहिलं, की पायाची साफसफाई पूर्ण झाली आहे.

त्याच पावसाळ्यात, रोवणी उरकल्यावर, तीन दिवस झड लागली. मी गावातच शाळेच्या एका खोलीत राहत होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर गेलो आणि पाय जागीच थांबले. ज्या नाल्यात मी दोन वर्षं बुटांनी चाललो होतो, तिथे पाणीच पाणी होतं, थेट डोंगराच्या पायथ्यापर्यंत. मोहाची झाडं गळ्यापर्यंत बुडालेली. पाण्यावर ओंडके, वाळका पाला, एका फांदीवर तीन साप वेटोळी करून बसलेले. आणि आवाज काहीच नाही. पूर म्हणजे गर्जना हे त्या गावाला पिढ्यानपिढ्या ठाऊक. तेवढंच पाणी आलं होतं आणि मुकाट उभं होतं. मागच्या बाजूला नळातून एक जाड धार नाल्यात पडत होती, आणि नाला आपल्या पात्रात शहाण्यासारखा वाहत होता.

या बायांनी टोपल्या-टोपल्यांनी टाकलेली माती एका बाजूला, आणि सगळ्या जंगलाचं पाणी दुसऱ्या बाजूला, आणि माती हलत नव्हती. मी वाकून पाळीला हात लावला. लोक पाळीवर गोळा झाले होते. कौसाबाई माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. बराच वेळ पाहून म्हणाली, "सायेब, यंदा माह्या चुलीत पानी नाई आलं. सकाळी भाकरी टाकून आली मी."

हे सुख मला तासभर मिळालं. डोमाजी पाळीच्या मागच्या पायथ्याने अनवाणी फिरत होते. जुन्या तलावावर पाणकर असंच करतो, भरल्या तलावाच्या पायथ्याची जमीन तळपायाने चाचपत जातो. डाव्या टोकाला ते थांबले आणि त्यांनी मला हाताने बोलावलं. गवतात बोटभर जाडीचा झरा फुटला होता.

आता हेही समजून घ्यायला हवं. मातीच्या बांधातून थोडं पाणी पाझरतंच. ते स्वच्छ असेल तर काळजीचं कारण नाही. गढूळ असेल तर समजायचं, की पाणी आतली माती घेऊन बाहेर येतंय. मग वाट रुंद होत जाते, आणि काही तासांत बांधाला भगदाड पडतं. मी ओंजळीत पाणी घेतलं. आधी स्वच्छ वाटलं. पुन्हा घेतलं तेव्हा चहाच्या रंगाचं होतं. ओंजळ रिकामी केली तर तळहातावर बारीक माती राहिली. मी मान वर करून पाहिलं. आम्ही बरोबर त्या वारुळाच्या खाली उभे होतो. डोमाजींनीही वर पाहिलं.

मी धावत कौसाबाईकडे गेलो. "मोहल्ला रिकामा करा. लेकरं, म्हातारी माणसं, सगळ्यांना शाळेत न्या. आत्ता."

तिने का म्हणून विचारलं नाही. माझं तोंड पाहून ती निघाली. अर्ध्या तासात खालचा मोहल्ला टेकाडावर होता. शाळा भरली, तेव्हा वरच्या मोहल्ल्याने ओसऱ्या उघडल्या. उघडल्या हे लिहायला सोपं आहे. त्या गावात त्या ओसऱ्यांवर त्या माणसांचं ते पहिलंच बसणं होतं. लेकरं पोचवून कौसाबाई आपल्या बाया घेऊन परत आली. मी म्हणालो, "तुम्ही इथे थांबू नका." ती म्हणाली, "घर आमचं बुडनार आहे, त थांबाव कोनं?"

तोवर झरा मनगटाएवढा झाला होता. मला दुसरं काही सुचेना. मी मातीची पोती भरून तोंड बंद करायला सांगितलं. पहिलं पोतं ठेवलं, आणि दोन हातांवर नवीन झरा फुटला.

"तोंड नोका बांधू सायेब," डोमाजी म्हणाले. ते पाण्यातच उभे होते. "दाबलं त दुसरीकडून फुटन. तिले वाहू द्या. माती तेवढी नेऊ नोका देऊ."

आणि मला एकदम माझ्या वहीतलं चित्र आठवलं. पाणी अडवायचं नाही, गाळायचं. आधी रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, वर मोठी गिट्टी, सगळ्यांच्या वर दगड. पाणी येऊ द्यायचं, पण रेतीने माती धरून ठेवायची. परीक्षेत मी हे चित्र रंगीत पेन्सिलींनी काढलं होतं. भीतीने ते डोक्यातून पुसून गेलं होतं, आणि ज्या माणसाने वही पाहिलीच नव्हती तो मला तेच सांगत होता.

रेती आणि गिट्टी सांडव्याच्या कामाची उरलेली होती, पण पाळीच्या दुसऱ्या टोकाला. चारशे मीटर. वरून पाऊस. पाळ इतकी निसरडी की बैलबंडी चढणं शक्य नव्हतं. कौसाबाईने बायांची रांग लावली. पाच पावलांवर एक बाई, टोपलं या हातातून त्या हातात. रांग पुरेना, तेव्हा वरच्या मोहल्ल्यातले गडी मधेमधे उभे राहिले. कोणाच्या हातातलं टोपलं कोण घेतंय हे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही. पहिली रेती पाण्याच्या जोराने उडून गेली. दुसरीही गेली. मग आम्ही आधी दगडांचं कडं केलं, जोर मोडला, आणि त्यात रेती टाकत गेलो. डोमाजी त्या कड्यात उभे राहून तळपाय रेतीवर दाबून धरायचे आणि सांगायचे, "अजून माती खाऊन राह्यली. टाका." पुन्हा टोपली. "टाका." पुन्हा. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. सकाळचं जेवण कोणी केलं नव्हतं, आणि दुपार कलत आली होती.

मग डोमाजी काही बोलेनासे झाले. वाकून त्यांनी ओंजळ भरली, उजेडाकडे धरली, आणि माझ्यापुढे केली. दगडांतून येणारं पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ होतं. झरा तेवढाच होता, जराही कमी झाला नव्हता, पण त्यात मातीचा कण नव्हता. डोमाजींनी ते पाणी पिऊन टाकलं आणि तिथेच चिखलात बसले. रांगेत एकेक करून सगळ्यांना कळत गेलं. मी रडत होतो, पाऊस होता म्हणून निभावलं. दोन दिवसांनी तलाव नळाने पूर्ण उतरला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तेवढा बांध वरून कापून खाली गेलो. वारूळ लागलं तेव्हा मजूर थांबले. मी या वेळी सबल हातात घेतली होती, पण डोमाजींनी ती माझ्याकडून मागून घेतली. नारळ ठेवला. "माय, तुह्या जागी आमी घुसलो," ते म्हणाले, "गलती आमची." आणि पहिला घाव त्यांनी घातला. सबल टणकन उडाली. अब्बासभाईंच्या रोलरने वर्षभर दाबलेली माती शेजारी होती, ती सहज निघत होती. वाळवीने थुंकी लावून बसवलेली ही माती मात्र ठिणग्या काढत होती. आत खोल्या होत्या, कमानी होत्या, वारा खेळायच्या वाटा होत्या, आणि पाणी गेलेली वाट सोडली तर कुठेही ओल नव्हती. वर बांध, बाजूला तलाव, आणि आतल्या भिंती कोरड्या ठणठणीत. गव्हाच्या दाण्यापेक्षा लहान, आंधळे जीव. साहेब म्हणून मिरवणारा मी त्या खड्ड्यात गुडघ्यावर बसून किती वेळ नुसता बघत राहिलो. पाण्याची ती वाट बरोबर गाभ्याखालून तलावाकडे गेली होती. डोमाजींनी तिच्यात बांबूची काडी सारली, ती हातभर नाही, पुरी आत गेली.

खड्डा भरायचं काम चाललं होतं, काळी माती थराथराने. दुपारच्या सुट्टीत कौसाबाई पाळीवर एकटी बसली होती. वर्षभर जे पोटात होतं ते मला तिच्यापाशी बोलायचं होतं. मी सांगितलं, की वारूळ आत राहिलं हे मला ठाऊक होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. काढायला लावणं माझं काम होतं, आणि मी लावलं नाही. तुमचं घर माझ्यामुळे जाणार होतं.

ती शांतपणे म्हणाली, "आमाले माईत होतं, सायेब. माती त आमीच टाकली त्याच्यावर."

"पोकळ राहील हे माहीत होतं?"

"पानी कुठून येते हे आमाले नाई माईत, त कोनाले?"

"मग बोलल्या का नाही?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले पाहून राह्यलो होतो आमी. बाया म्हने, कौसाबाई, तू बोल. मी म्हनलं, आपला सायेब उभा आहे न. शिकलेला आहे, तो बोलन. तुमी फीत घेऊन तिकडे चालले गेले." तिने चुंबळ हातात घेतली. "मंग मी बायांले म्हनलं, टाका माती. सायेबाले बी आपल्यासारखंच राहा लागते इथी."

मला वाटलं होतं ती रागावेल, किंवा जाऊ द्या म्हणेल. दोन्हींपैकी काही केलं असतं तर मी सुटलो असतो. तिने पदराने घाम पुसला, चुंबळ डोक्यावर बसवली आणि भरलेल्या टोपल्याकडे बोट केलं.

"उचलू लागा," ती म्हणाली.

दोन वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी केलं नव्हतं. मी दोन्ही हात घालून टोपलं उचललं. ते छातीपर्यंतच आलं आणि थांबलं. ओली काळी माती इतकी जड असते हे मला माहीत नव्हतं. तिने खाली वाकून माझ्या हातांखाली आपले हात दिले, आणि आम्ही दोघांनी मिळून ते तिच्या डोक्यावर ठेवलं.